मृतांची निद्रा : एका उपेक्षित बोलपटाची ओळख

मराठींत 'झोंबी' हा शब्द मुळांत कुस्तीच्या आखाड्यांतला. दोन गडी एकमेकांस भिडले, कीं त्यांची झोंबी झाली असें आपण म्हणतों. याच उच्चाराचा एक परका शब्द अलीकडे चित्रपटांच्या वाटेनें आपल्या भाषेंत शिरला असून त्याचा अर्थ मात्र अगदीं निराळा, म्हणजे मरणानंतर उठून चालूं लागलेलें मढें, असा आहे. २०२२ सालीं आदित्य सरपोतदार यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'झोंबिवली' या मराठी चित्रपटानें हीं मढीं थेट डोंबिवलीच्या रस्त्यांवर आणून सोडलीं. असला प्रकार पूर्वीं कधीं न पाहिलेल्या पुष्कळ प्रेक्षकांच्या मनांत, ही मंडळी मुळांत आली कोठून, असा प्रश्न तेव्हां उभा राहिला असल्यास नवल नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां, बेताच्या भांडवलावर निघालेल्या आणि आज बऱ्याच अंशीं विस्मृतींत गेलेल्या एका युरोपीय बोलपटाची ओळख करून देणें, हा या भाषणाचा हेतु आहे.

झोंबीच्या कल्पनेचें मूळ वेस्ट इंडीज बेटांतील हैति या देशांत आहे. अठराव्या शतकांत तेथें फ्रेंचांची वसाहत होती व उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून लक्षावधि गुलाम धरून आणले जात. तेथील लोकसमजूत अशी, कीं एखादा मांत्रिक पुरलेलें प्रेत उठवतो, त्याची वाचा व इच्छाशक्ति हिरावून घेतो आणि त्याला शेतांत कामाला जुंपतो. हें ऐकतांना आपल्या मनांत प्रथम प्रेताचें भय उभें राहतें. ज्यांच्यांत ही समजूत वाढली त्यांचें भय याहून खोल होतें. मेल्यानें तरी चाबकाखालून सुटका होईल, ही गुलामाची जी अखेरची आशा, तीच या समजुतीनें नाहींशी होत होती. आपणच एक दिवस झोंबी होऊन पुन्हां त्याच मळ्यांत उभे राहूं, या विचारानें त्यांची झोंप उडत असे. १९२९ सालीं विल्यम सीब्रुक या अमेरिकन प्रवाशानें हैतिसंबंधीं लिहिलेल्या पुस्तकामुळें हा शब्द अमेरिकेंत सर्वतोमुखीं झाला, आणि १९३२ सालीं 'व्हाइट झोंबी' हा बोलपट निघाला. साखरेच्या गिरणींत मुकाट्यानें चरक फिरवणाऱ्या मढ्यांचा त्यांतला देखावा आजहि अंगावर कांटा आणतो.

पुढें १९६८ सालीं जॉर्ज रोमेरो या तरुणानें पिट्सबर्ग शहराच्या आसपास, थोडक्या पैशांत, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा काळापांढरा चित्रपट काढला व त्यांत मांत्रिकाला कायमची रजा दिली. रोमेरोचीं मढीं कोणाचींच चाकर नव्हतीं. तीं जिवंतांचें मांस खात आणि त्यांच्या हातून जे मरत तेहि उठून त्यांच्याच थव्यांत सामील होत. आपल्याकडील वेताळाशीं या प्राण्याचें नातें जोडण्याचा मोह येथें होतो, पण तो आवरलेला बरा. वेताळ प्रेतांत वास करतो हें खरें. परंतु तो चतुर आहे, बहुश्रुत आहे, आणि विक्रमासारख्या राजाला कोड्यांत पकडण्याइतका बोलका आहे. या नव्या मढ्यापाशीं बोलणें नाहीं, बुद्धि नाहीं, कोणाशीं जुनें वैरहि नाहीं. भूक तेवढी आहे.

रोमेरोच्या चित्रपटाचें यश पाहून एडमोंडो अमाटी या इटालियन निर्मात्यानें तशाच धाटणीचा एक चित्रपट, परंतु रंगीत, काढण्याचें ठरवलें आणि तें काम होर्हे ग्राऊ या स्पॅनिश दिग्दर्शकाकडे दिलें. ग्राऊ १९३० सालीं बार्सेलोना येथें जन्मला व २०१८ सालीं वारला. निर्मात्याची मागणी उघडउघड नकलेची होती. दुसरा कोणी असता तर त्यानें नक्कल करून पैसे मोकळे केले असते. ग्राऊनें मागणी पुरी केली आणि तिच्या पोटांत स्वतःचें कांहीं सांगून घेतलें. १९७४ सालीं पुऱ्या झालेल्या या चित्रपटांत नायक रे लव्हलॉक हा इटालियन, नायिका क्रिस्टिना गाल्बो ही स्पॅनिश, आणि पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेंत आर्थर केनेडी हा अमेरिकन नट आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या १९६२ सालच्या विख्यात चित्रपटांतील वार्ताहर ज्यांना आठवत असेल, त्यांनीं या केनेडीला पाहिलेंच आहे. ऑस्करच्या पारितोषिकासाठीं पांच वेळां नांव पुढें येऊन पांचहि वेळां रिकाम्या हातानें परतलेला हा नट होता. कथा घडते इंग्लंडांत. स्पेन व इटली या देशांचा पैसा, तीन देशांचे नट आणि चौथ्या देशाची भूमि, असा हा संसार होता.

चित्रपट विस्मरणांत जाण्याचें एक कारण मोठें मौजेचें आहे. त्याला एक नांवच कधीं लाभलें नाहीं. स्पेनमध्यें 'मृतांची निद्रा विटाळूं नये' अशा अर्थाचें नांव होतें, व तें या कथेला सर्वांत शोभतें. इंग्लंडांत तें 'द लिव्हिंग डेड अॅट मँचेस्टर मॉर्ग' असें झालें. वास्तविक मढ्यांचा सारा धुमाकूळ खेड्यापाड्यांत चालतो, आणि मँचेस्टरशीं त्याचा संबंध आरंभींच्या कांहीं मिनिटांपुरताच. अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं 'खिडकी उघडूं नका' असें नांव चिकटवलें, ज्याचा कथेशीं कांहींच मेळ बसत नाहीं. आणखी एका आवृत्तीवर 'लेट स्लीपिंग कॉर्प्सेस लाय' असें छापलें गेलें. एका नांवानें पाहिलेल्या माणसानें दुसऱ्याला शिफारस करावी आणि त्या दुसऱ्याला त्या नांवाचा चित्रपटच कोठें सांपडूं नये, अशी स्थिति पुष्कळ वर्षें होती. भरींत भर म्हणजे चार वर्षांनीं, १९७८ सालीं, रोमेरोनें स्वतःच रंगीत मढ्यांचा मोठा चित्रपट काढला आणि पुढच्याच वर्षीं इटलींत लुचिओ फुल्चीच्या झोंबीपटानें तिकिटांची खिडकी गाजवली. या दोन दिंड्यांच्या गलबल्यांत आधीं येऊन गेलेला हा एकटा वारकरी कोणाच्या ध्यानांत राहिला नाहीं. फुल्चीच्या चित्रपटांतील ज्या रंगभूषेची एवढी वाखाणणी झाली, ती करणारा जान्नेत्तो दे रोस्सी हाच कारागीर ग्राऊच्या चित्रपटांतहि होता.

आतां कथेकडे वळूं. जॉर्ज हा मँचेस्टरमधील जुन्या वस्तूंचा दुकानदार. दुकानाला कुलूप लावून तो मोटारसायकलीवर स्वार होतो आणि सुटीसाठीं खेड्याकडे निघतो. तो शहराबाहेर पडेपर्यंतचीं पहिलीं कांहीं मिनिटें एकाहि शब्दावांचून गेलेलीं आहेत, व तीं चित्रपटांतील सर्वोत्तम भागांपैकीं होत. कारखान्यांचीं धुराडीं, मोटारींच्या नळ्यांतून निघणारा धूर, नाकावर फडकें धरून चाललेलीं माणसें, गर्दींत एकमेकांकडे न पाहणारे चेहरे, असें एकामागून एक दिसत जातें. भर रहदारींतून एक स्त्री विवस्त्र धांवत जाते. पाहणारे क्षणभर पाहतात आणि पुन्हां आपापल्या कामाला लागतात. मढीं अजून उठावयाचीं आहेत, परंतु जिवंतांना कशाचेंच कांहीं वाटेनासें झालें आहे, हें ग्राऊनें येथेंच, कोणाच्या तोंडीं एक वाक्यहि न घालतां, सांगून टाकलें आहे.

वाटेंत पेट्रोल भरण्याच्या ठिकाणीं एड्ना नांवाच्या तरुणीची मोटार मागें येतां येतां जॉर्जच्या मोटारसायकलीवर आदळते. नुकसानीची भरपाई म्हणून तिनें आपल्याला मुक्कामीं पोंचवावें, असा तो हट्ट धरतो. तिला तिच्या बहिणीकडे जावयाचें असतें. बहीण अफूच्या जातीच्या घातक व्यसनांत सांपडलेली असून तिचा नवरा छायाचित्रकार आहे. या प्रवासाचें चित्रीकरण डर्बीशायर परगण्यांतील डोंगराळ मुलुखांत झालें. हिरव्या टेंकड्या, दगडी कुंपणें, नदींतून पलीकडे जाण्यासाठीं मांडलेले पायदगड, असा तो प्रदेश इतका शांत आणि देखणा आहे, कीं १९५१ सालीं ब्रिटननें आपलें पहिलें राष्ट्रीय उद्यान तेथेंच केलें. कबरस्तानाचे कांहीं देखावे हॅदरसेज या गांवच्या चर्चच्या आवारांतले आहेत. रॉबिन हुडचा जोडीदार लिटल जॉन याची म्हणून जी कबर दाखवतात ती याच आवारांत. भयपटाला अंधार, वाडे व वटवाघळें लागतात, हा रूढ समज ग्राऊनें बाजूस ठेवला आहे. त्याचें पहिलें मढें दिवसाउजेडीं, वाहत्या पाण्याकांठीं, हिरवळीवरून चालत येतें.

रस्ता चुकल्यामुळें वाट विचारावयास जॉर्ज एका शेतावर जातो. तेथें कृषिखात्याचीं माणसें एक तांबडें यंत्र चालवून पाहत आहेत. पिकांवरील किडींचा नाश करण्यासाठीं हें यंत्र ध्वनीच्या लहरी सोडतें, परंतु त्या मनुष्याच्या कानाला ऐकूं येत नाहींत. सेकंदाला सुमारें वीस हजारांहून अधिक कंपनें झालीं, कीं तो ध्वनि माणसाला ऐकूं येत नाहीं. वटवाघळांना तो येतो व त्यावर तीं अंधारांतहि वाट काढतात. येथवर शास्त्र खरें आहे, पुढची कथा कल्पनेची. या लहरींनीं किडींचे ज्ञानतंतु बिघडतात, त्या पिसाळतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात, असें यंत्रवाले अभिमानानें सांगतात. औषधाचा थेंब नाहीं, विषाची बाधा नाहीं, फक्त अगदीं प्राथमिक ज्ञानतंतूंवरच परिणाम, तेव्हां मनुष्याला भय कसलें? सध्यां परिणाम एका मैलाच्या परिघांत, पुढें तो वाढवूं, असेंहि ते सांगतात. जॉर्जला हें पटत नाहीं, पण त्याचें ऐकतो कोण.

प्राथमिक ज्ञानतंतु म्हणजे केवळ किडींचेच का, या प्रश्नावर सारी कथा उभी आहे. जवळच्या रुग्णालयांत नुकतीं जन्मलेलीं अर्भकें परिचारिकांना विलक्षण आवेशानें चावूं लागतात, व तेथील वैद्याला कारण उमगत नाहीं. ज्यांचे ज्ञानतंतु अजून पुरते घडलेले नाहींत अशीं हीं बालकें. आणि ज्यांचे ज्ञानतंतु अजून पुरते विझलेले नाहींत, असे कोण? नुकतेच मेलेले. हा जोड फार हुशारीचा आहे. अर्भक आणि प्रेत, आयुष्याचीं दोन टोंकें, एकाच तर्कानें बांधलीं आहेत. शास्त्र खोटें असलें तरी तर्क सुसंगत असला, कीं कल्पित कथा उभी राहते; आणि तर्क मोडला, कीं खऱ्या शास्त्रावर उभारलेली कथाहि कोसळते.

ज्या काळांत हा चित्रपट निघाला तो काळ ध्यानांत घेतल्याशिवाय या यंत्राचें मर्म कळणार नाहीं. डीडीटी या भुकटीचा कीटकनाशक गुण १९३९ सालीं पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञानें शोधून काढला व त्याबद्दल १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. हिंवताप आणि प्रलापक ज्वर यांपासून त्या भुकटीनें असंख्य माणसें वांचवलीं, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु तीच भुकटी शेतांवर बेसुमार मारली गेली आणि १९६२ सालीं रेचेल कार्सन या विदुषीनें 'सायलेंट स्प्रिंग' हें पुस्तक लिहून, किडीबरोबर पक्षीहि कसे मरत आहेत, हें जगापुढें मांडलें. कारखानदारांनीं तिची हेटाळणी केली. पण दहा वर्षांनीं, १९७२ सालीं, अमेरिकेनें शेतीसाठीं डीडीटीचा वापर बंद केला. त्याच वर्षीं स्टॉकहोमला मानवी परिसरासंबंधीं संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. ग्राऊचें यंत्र या वादांतून जन्मलें आहे. यंत्र चालवणारीं माणसें दुष्ट नाहींत. तीं सभ्य, उत्साही आणि कामसू आहेत. त्यांना पीक वाढवावयाचें आहे. फक्त आपल्या मोजमापाबाहेर कांहीं घडत असेल, ही शंका त्यांना शिवत नाहीं.

पहिलें मढें ओल्या कपड्यांतलें आहे. गथ्री नांवाचा एक भटका कांहीं दिवसांपूर्वीं बुडून मेलेला. तोच एड्नावर चालून येतो. ती किंचाळत जॉर्जकडे धांवते, पण जॉर्ज येईतों तेथें कोणी नाहीं. तिनें केलेल्या वर्णनावरून शेतकरी ओळखतो, कीं हा गथ्री, आणि गथ्री तर मेला! येथें जॉर्जहि तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्याच रात्रीं धबधब्यापाशीं आपोआप चालणारा कॅमेरा लावून छायाचित्रें घेत असलेल्या तिच्या मेहुण्याला गथ्री ठार करतो, आणि हें पाहणारी एकटी साक्षीदार म्हणजे व्यसनाधीन बहीण. अशा बाईची साक्ष कोण मानणार?

आणि येथें तो पोलीस अधिकारी रंगभूमीवर येतो. पटकथेनें त्याला लोकांच्या स्मरणांत राहील असें नांवसुद्धां दिलेलें नाहीं. सारे त्याला अधिकारी म्हणूनच ओळखतात. वय झालेला, कडक, आपल्या कामाशीं प्रामाणिक असा हा माणूस आहे. लांच खात नाहीं, आळस करीत नाहीं. त्याचा दोष एकच, कीं प्रेत पाहण्यापूर्वींच त्याचा निकाल ठरलेला असतो. बाई व्यसनी, तेव्हां तिनेंच नवऱ्याला मारलें असणार. जॉर्जचे केंस लांब, कपडे तऱ्हेवाईक, बोलणें उर्मट, तेव्हां तोहि त्यांतलाच. त्याच्या मतें ही सारी नवी पिढीच सडलेली आहे आणि तिला स्वैराचाराखेरीज कांहीं ठाऊक नाहीं. केनेडीनें ही भूमिका ओरडून किंवा डोळे वटारून केलेली नाहीं. थकलेल्या, कंटाळलेल्या स्वरांत, जणूं शंभराव्यांदा तेंच सांगावें लागत आहे अशा रीतीनें तो बोलतो, आणि त्यामुळेंच अंगावर शहारा येतो. शिकवण्यांत किंवा अधिकारांत उभा जन्म काढलेल्या मंडळींनीं हा नट आपल्यालाच आरसा दाखवीत नाहीं ना, हें एकदां पाहावें.

पुराव्याची जी थट्टा ग्राऊनें केली आहे ती फार कडू आहे. मृताच्या कॅमेऱ्यांत त्या रात्रींचीं चित्रें आहेत, तीं धुऊन काढलीं म्हणजे खरें काय तें दिसेल, या आशेनें जॉर्ज ती गुंडाळी हस्तगत करतो व चित्रें काढवून घेतो. चित्रांत मारला जाणारा माणूस दिसतो, मारणारा दिसत नाहीं. मढें कॅमेऱ्यांत उतरतच नाहीं! जॉर्जजवळ सत्य आहे आणि पुरावा नाहीं. अधिकाऱ्याला सत्याचा पत्ता नाहीं, पण एकामागून एक पुरावा त्याच्या हातीं आपोआप येत राहतो. गथ्रीची शवपेटी खरोखर रिकामी आहे काय, हें पाहण्यासाठीं जॉर्ज आणि एड्ना कबरस्तानांत जातात, तेथें कोंडलीं जातात, मढ्यांशीं झुंजतात. त्यांच्या मदतीस आलेला एक पोलीस शिपाई त्यांच्या डोळ्यांदेखत बळी पडतो. दुसऱ्या दिवशीं अधिकारी येऊन पाहतो तों फाटलेलें प्रेत, उघडलेल्या शवपेट्या आणि त्या दोघांच्या पाऊलखुणा. सैतानाची पूजा करणारी टोळी, असा तो निष्कर्ष काढतो. त्याच्या जागीं दुसरा कोणी असता तरी, कागदावर पाहतां, याहून निराळें काय लिहिलें असतें?

हा अधिकारी इंग्रज पोलिसांत नोकरीस असला तरी त्याचें माहेर कोठें आहे, हें ओळखणें कठीण नाहीं. १९७४ सालीं स्पेनवर सेनापति फ्रँको याचा अंमल होता. तो पुढच्या वर्षीं नोव्हेंबरांत मरण पावला. त्याच्या राजवटींत चित्रपटांवर कडक पाहारा असे, आणि स्पेनच्या पवित्र भूमीवर राक्षस किंवा पिशाच्चें वावरतात असें दाखवणें परीक्षकांना रुचत नसे. १९६८ सालीं एका स्पॅनिश भयपटांतील लांडगामानव स्पॅनिश चालणार नाहीं म्हणून त्याला पोलंडचा रहिवासी करावें लागलें, हें प्रसिद्धच आहे. म्हणून स्पॅनिश भयपट परदेशांत घडत. जेथें भुतांनासुद्धां पारपत्र काढून बाहेर जावें लागे, तेथें लांब केंसांच्या तरुणाला पाहतांच गुन्हेगार ठरवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला माद्रिदच्या रस्त्यावर उभें करणें कोणाला जमलें असतें? इंग्लंडच्या हिरव्या टेंकड्या ग्राऊला देखाव्यासाठीं उपयोगी पडल्याच. बोलण्यासाठीं त्याहून अधिक पडल्या. अशा दृष्टीनें चित्रपट पाहिला म्हणजे त्यांतील कित्येक प्रसंगांना दुसरा अर्थ येऊं लागतो.

श्रवणाची गोडी असलेल्यांना या चित्रपटाचें ध्वनिलेखन विशेष आवडेल. जुलिआनो सोर्जिनी याच्या संगीतांत वाद्यांबरोबर श्वासांचा वापर केलेला आहे. मढें जवळ आलें, कीं घरघरणारा, ओढून घेतल्यासारखा उच्छ्वास ऐकूं येतो. मेलेल्याला श्वास कसला, म्हणून तो अधिकच विपरीत वाटतो. खालीं यंत्राची एकसुरी घूं घूं चालूच असते. शेतांतल्या शांततेवर ती इतकी बेमालूम पसरलेली आहे, कीं ती थांबली म्हणजे मगच ती चालू होती असें जाणवतें. डोळे मिटून ऐकावीं अशीं स्थळें भयपटांत क्वचित सांपडतात. या चित्रपटांत तीं बरींच आहेत.

दोष नाहींत असें नाहीं. निरनिराळ्या भाषांच्या नटांकडून काम करून घेऊन नंतर आवाज चढवण्याची त्या काळच्या इटालियन चित्रपटांची पद्धति येथेंहि आहे, त्यामुळें ओंठ एक बोलतात आणि कानांवर दुसरेंच येतें. एड्नाची भूमिका उत्तरार्धांत निव्वळ किंचाळण्यापुरती उरते, ही पटकथेची हेळसांड होय. त्याहून गंभीर दोष तर्काचा आहे. मढीं लहरींनीं उठतात असें एकदां ठरवल्यावर, गथ्री दुसऱ्या प्रेतांच्या पापण्यांना रक्त लावून त्यांना जागें करतो, हें कोठून आलें? तें दृश्य चित्रदृष्ट्या प्रभावी आहे, पण त्यानें यंत्राच्या जागीं पुन्हां मांत्रिक आणून बसवला. कॅमेऱ्यांत मढें न उमटण्यालाहि कारण दिलेलें नाहीं. कथेला त्याची गरज होती, एवढेंच. आपल्या साहित्यशास्त्रांत भयानक आणि बीभत्स हे दोन निराळे रस मानले आहेत, कारण भयाचा स्थायीभाव वेगळा व किळसेचा वेगळा. पहिल्या तासांत ग्राऊनें भयानकाची मर्यादा संभाळली आहे. रुग्णालयांतील अखेरच्या प्रसंगांत मात्र आंतडीं आणि फाडलेलें मांस यांचा असा सुळसुळाट होतो, कीं भय बाजूला राहून केवळ शिसारी येते. लहान मुलांना हा चित्रपट दाखवूं नये, आणि मन हळवें असलेल्या थोरांनींहि तो जेवणानंतर पाहूं नये.

याच प्रसंगांमुळें इंग्लंडांत त्याच्यावर दुसरें गंडांतर आलें. १९८० नंतर घरोघर चित्रफिती पाहण्याचीं यंत्रें आलीं, तेव्हां भयपटांच्या फितींनीं मुलें बिघडतात अशी ओरड वर्तमानपत्रांतून सुरू झाली. सरकारी वकिलाच्या कचेरीनें आक्षेपार्ह फितींची यादी केली, दुकानांवर छापे पडले आणि १९८४ सालीं चित्रफितींच्या परीक्षणाचा कायदा झाला. त्या यादींत या चित्रपटाचें नांव होतें. ज्या कथेंत पाहण्याआधींच निकाल देणारा अधिकारी आहे, तिलाच न पाहतां दोषी ठरवणारे लोक भेटावेत, हा योगायोग ग्राऊलाहि सुचला नसता. पुढें कांटछाट होऊन आणि मग कांटछाटीशिवायहि तो तेथें संमत झाला. आतां जुन्या प्रती स्वच्छ करून त्याच्या नव्या चकत्या निघाल्या आहेत व रंग पुन्हां मूळच्यासारखे हिरवेगार दिसतात. मोठ्या पडद्यावर न मिळाला तरी घरीं पाहतां येतो. मात्र शोधतांना वर सांगितलेलीं सारीं नांवें हाताशीं असूं द्यावींत.

शेवट सांगून पाहणाऱ्याचा विरस करण्याचें कारण नाहीं. एवढेंच सुचवून ठेवतां येईल, कीं अखेरीस अधिकाऱ्याच्या तोंडून एक संतापाचें वाक्य निघतें. मेलेलीं माणसें परत येत असतीं तर बरें झालें असतें, म्हणजे या इसमाला पुन्हां एकदां मारतां आलें असतें, अशा अर्थाचें. तो निश्चिंत मनानें आपल्या खोलीकडे जातो. यंत्राच्या लहरी किती मैलांपर्यंत पोंचतात, हें त्याला ठाऊक नाहीं. तें ज्यानें त्याला वारंवार सांगण्याचा प्रयत्न केला, त्याचें त्यानें कधीं ऐकूनच घेतलें नव्हतें.